त्या दिवशी मधली सुट्टी नव्हती

नाशकातल्या आमच्या शाळेत परवा मीटिंग झाली. अभ्यासक्रम पुरा होत नाही, तेव्हा मधली सुट्टी पंधरा मिनिटांवर आणावी, असं ठरत होतं. मी उठून विरोध केला, जरा जास्तच मोठ्या आवाजात. मुलांना मोकळं व्हायला वेळ लागतो, डबा नीट चावून खाल्ला पाहिजे, अशी सगळी कारणं दिली. खरं कारण काही माझ्या तोंडून निघालं नाही.

नोकरीची पहिली वर्षं मी पेठ तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत काढली. मुलं तिथंच राहायची. भाताची कापणी उरकली की त्यांचे आईबाप द्राक्षबागांच्या कामाला निघायचे, ते होळीलाच परतायचे. जाताना त्यांची जीप शाळेच्या वळणावर थांबायची, आणि थांबायची ती मधल्या सुट्टीतच. हा नियम कुणी लिहिला नव्हता, पण जीपवाल्यांनाही तो पाठ होता. दोन ते अडीच. तेवढ्या वेळात आया कुंपणापाशी उभ्या राहून पोरांच्या डोक्यावरून हात फिरवायच्या, हातात काहीतरी खाऊ ठेवायच्या आणि जायच्या.

माझ्या चौथीच्या वर्गात एक मुलगी होती. दिवाळीची सुट्टी संपवून ती शाळेत आली आणि मागोमाग घरी तिला बहीण झाली. चार भावांवर ही एकुलती, त्यामुळे बहीण झाल्याचं तिनं पाण्याच्या टाकीपासून स्वयंपाकघरापर्यंत सगळ्यांना सांगितलं. पाड्यावरच्या कुणीतरी निरोप आणला, बुधवारी जीप येईल, आई बाळ दाखवून पुढं जाईल. बुधवारी ती दोनदा वेणी घालून वर्गात आली.

आणि बुधवारीच माझं डोकं फिरलं. सतराचा पाढा कुणाला येईना. राग तेव्हा माझ्या नाकावरच असायचा, आणि शहरातून आलेली मी, या मुलांना शिस्त लावायला आपल्याला धाडलंय अशा थाटात वावरायचे. पाढा पाठ होईपर्यंत सुट्टी बंद, असं मी सांगून टाकलं. ती मुलगी न विचारता उभी राहिली. सतरा एके सतरापासून सतरा दाहे एकशे सत्तरपर्यंत न अडखळता म्हणून गेली. मी शाब्बास म्हटलं आणि तिला खाली बसायला सांगितलं.

थोड्या वेळानं जीपचा हॉर्न वाजला. मी दारात गेले तर तिची आई पायरीखाली उभी होती, पदराखाली गाठोड्यासारखं बाळ.

"मॅडम, पोरीला जरा बोलवा ना. बाळ दाखवते नि जाते."

"आता पाढे चाललेत. शाळा सुटल्यावर भेटा."

"तवर जीप थांबायची नाय, मॅडम."

"मग एखाद्या रविवारी या. एकीला सोडलं की सगळी निघतील."

ती वाद घालणारी बाई नव्हती. तिकडचे लोक मास्तरांशी वाद घालत नाहीत, आणि आम्हाला तो आपला मान वाटतो. तिनं पदर सारखा केला, एकदा खिडकीकडे पाहिलं आणि गेली. मी आत आले तेव्हा मुलगी जागेवरच होती. दुसरा हॉर्न वाजला तेव्हा तिनं फक्त मान खाली घातली. रविवारी या म्हणे! रोजंदारीवरच्या बाईला कसला आलाय रविवार? हे मला त्या क्षणीही कळत होतं. तोंडातून गेलेला शब्द मागे घेणं मला जमलं नाही, एवढंच.

थंडीच्या कडाक्यात ते बाळ बागेतल्या पत्र्याच्या शेडमध्ये तापानं गेलं.

होळीला मुलगी घरी जाऊन आली. मी तिची नजर टाळत होते. एके दुपारी मधली सुट्टी झाली, वर्ग रिकामा झाला, आणि ती माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली.

"मॅडम, आमची बाय कशी होती?"

मी हातातली वही मिटली.

"आईला विचारलं का आई रडते," ती म्हणाली. "तुम्ही बघितली होती ना. दारात."

मी बाळाकडे पाहिलंच नव्हतं. हातभर अंतरावर होतं ते, आणि माझं सगळं लक्ष आपलं म्हणणं खरं करण्यात होतं. गोरी होती की सावळी, डोळे उघडे होते की मिटलेले, काही म्हणजे काही मला सांगता येईना. खोटं सांगावं असंही मनात आलं. तिच्या तोंडाकडे पाहून तेही धाडस झालं नाही. मी नुसती रडायला लागले, मुलांदेखत कधी न रडलेली मी.

मग ती माझ्या हाताला हात लावून म्हणाली, "राहू द्या मॅडम. नसल बघितली."