पहिल्या बाळंतपणाचा विमा

बाहत्तरच्या दुष्काळात आई-वडिलांनी खडी फोडली आणि मला उस्मानाबादच्या शाळेतून काढलं नाही. त्या जोरावर मी बी.एस्सी. झालो, सहकारी साखर कारखान्यात काही वर्षं उसाचा रस तपासला आणि ऐंशीनंतर मस्कतला नोकरीला लागलो. समुद्राचं पाणी गोड करणाऱ्या प्रकल्पाची प्रयोगशाळा होती ती. मुक्काम बरीच वर्षं पडणार हे दिसत होतं, म्हणून लग्नानंतर बायकोलाही घेऊन गेलो.

तिला दिवस गेले आणि त्याच सुमाराला कंपनीनं आरोग्य विम्याचे दोन पर्याय पुढं ठेवले. सुट्टीवरून परतल्यावर एक निवडायचा, मग वर्षभर बदल नाही. पहिल्यात मस्कतच्या दवाखान्यातलं सगळं, बाळंतपणसुद्धा, विम्यात होतं. पण त्या देशाबाहेर काहीच नाही. दुसऱ्यात भारतात भरती व्हावं लागलं तरी खर्च मिळणार होता, बाळंतपण मात्र कुठंच धरलेलं नव्हतं.

मला यात विचार करण्यासारखं काही दिसलं नाही. पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्याकडं ठरलेलं. मग मस्कतच्या बाळंतपणाचा विमा घेऊन करायचं काय? दुसरा घेतला तर गावाकडं बाळ-बाळंतिणीचं काही दुखलं-खुपलं, तरी सोय. मी मनात दुसऱ्यावर खूण करूनच सुट्टीवर आलो.

बायकोचं माहेर लोहाऱ्याजवळच्या खेड्यात. सासरे लवकर गेले होते. सासूबाई, म्हणजे मामी, थोडी कोरडवाहू शेती आणि डेअरीला दूध घालायची एक संकरित गाय यांवर घर चालवत. आतल्या खोलीतली बाज त्यांनी नव्या सुतळीनं घट्ट विणून ठेवली होती. डिंक, खारीक डब्यात भरून तयार. जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी शिवून झाली होती.

संध्याकाळी मी पडवीत विम्याचे कागद पुन्हा वाचत बसलो होतो.

"कशाचे कागद हैत, पाव्हणं?"

"विम्याचे, मामी. आजारपणाचा विमा."

"इमा ठावं हाय की मला. आमच्या गाईचा हाय. सोसायटीवाल्यांनी तिच्या कानात बिल्ला ठोकलाय." त्यांनी माझ्या कानांकडं बघितलं. "तुमचा कुठं दिसंना."

बायको पदर तोंडाला लावून हसत राहिली. मी मात्र मास्तरासारखं दोन्ही पर्याय समजावले. मामींनी शेवटपर्यंत ऐकलं.

"तिथला डॉक्टर घरापासून किती लांब?"

"जवळच आहे. गाडीनं लगेच."

"रातीला असतोय?"

"असतो."

"पोट फाडायची पाळी आली तर?"

"तिथंच करतात."

त्या हे का विचारत होत्या, ते मला माहीत होतं. माझ्या मेव्हणीचं, त्यांच्या थोरल्या लेकीचं, पहिलं बाळंतपण याच घरात अडलं होतं. उस्मानाबादला न्यायला जीप मिळाली आणि ती ओढ्याच्या गाळात रुतली. मूल गेलं. माझ्यासमोर त्यांनी हा विषय कधी काढला नव्हता, तेव्हाही काढला नाही.

"मग तिथलाच इमा घ्या," त्या म्हणाल्या. "हिला बाळंतपणाला हिकडं आणू नका."

बायकोचं हसू थांबलं. "आई, मग माझ्याजवळ कोण असंल?"

"डॉक्टर असंल. म्या काय डॉक्टर हाय व्हय?"

शेजारच्या घरातून त्यांची चुलत जाऊ आली होती, ती दारातूनच बोलली, "पहिलं बाळंतपण बी तिकडंच? लोक म्हणतील, आईला झेपलं न्हाय."

"म्हणू द्या की. मागल्या बारीला लोक कुठं जीप ढकलाया आले हुते."

एवढं बोलून त्या गाईची धार काढायला गेल्या. लेकीचं पहिलं बाळंतपण करणं हा आईचा मान, आणि त्याची तयारी त्या महिनोन् महिने करत होत्या. गावाची बोलणीही पुढं त्यांनाच ऐकायची होती, आम्ही तर निघून जाणार होतो. हे सगळं बाजूला ठेवायला त्यांना धार काढण्याची वेळ होईपर्यंतचा वेळ पुरला. इतकं धाडस मला कधी जमलं असतं, असं वाटत नाही.

मी पहिला विमा घेतला. बायकोचं बाळंतपण अडलंच. नाळ बाळाच्या मानेभोवती अडकली होती. रात्रीच शस्त्रक्रिया करावी लागली. सकाळी दोघी सुखरूप आहेत हे कळल्यावर मी मामींना तार केली.

पुढच्या सुट्टीत गेलो तेव्हा मुलगी रांगत होती. मामींनी भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, नातीला कडेवर घेतलं आणि लेकीला म्हणाल्या, "पाणी तापलंय. न्हाऊन घे आन् बाजंवर पड."

न्हाणं झाल्यावर बाजेखाली शेगडी आली, निखाऱ्यांवर ओवा पडला. लेकीच्या डोक्याला, कानांना फडकं बांधून मामींनी तिच्या हातात डिंकाचा लाडू दिला.

"आई, पोरगी रांगाया लागली की आता."

"रांगू दे. तुझं बाळंतपण व्हायचं राहिलंय माझ्याकडं."

मी खोलीत डोकावलो, तर त्यांनी मला दारातच थांबवलं. बाळंतिणीच्या खोलीत पुरुषांचं काय काम, म्हणाल्या. सुट्टी संपेपर्यंत मी पडवीत झोपलो.