बाळंतिणीची पेज

टेक्सासातल्या अख्ख्या फ्रिस्को गावात माझ्यासारखी जीभ कुणाची नाही. इतकी खराब जीभ जन्मात पाहिली नाही, असं आमच्या शेजारच्या, जिभेवरून तब्येत ओळखणाऱ्या चिनी आजीचं म्हणणं होतं. माणूस भेटला की नमस्कार-चमत्कार नाही. ती आधी स्वतःची जीभ काढून दाखवायची, म्हणजे मग समोरच्यानं आपली काढायची. एकदा पोस्टमनला काढायला लावली, आणि त्या बिचाऱ्यानं काढली! बाई लेकीच्या बाळंतपणाला चीनहून आलेली. इंग्लिश म्हणाल तर हॉट, कोल्ड आणि नो गुड. मी हॉटेलात रोट्या भाजायला आलेला सातवी नापास गडी, माझं इंग्लिश तिच्यापेक्षा एका ‘सॉरी’नं जास्त. त्यामुळे गप्पा फार रंगायच्या. मी आंब्याच्या रसाचा डबा दाखवायचो. "हॉट!" काकडी दाखवली की "कोल्ड!" अगदी आमच्या घरी म्हणतात तसंच. कराडात जे उष्ण तेच चीनमध्ये उष्ण, हे मला टेक्सासात येऊन कळलं. फक्त मी बर्फ घालून कोक पिताना दिसलो की ती चिनीत सुरू व्हायची. शिव्या मला कुठल्याही भाषेत कळतात.

रोज सकाळी कामावर निघताना ती मला वाडगाभर पेज द्यायची. तांदूळ पार विरघळेपर्यंत शिजवलेला, त्यात आलं आणि सुकवलेली लाल चिनी बोरं. मनगटाची शीर दाखवायची, म्हणजे रक्त वाढतं. गालाखाली हात, म्हणजे झोप लागते. पोटावरून हात, म्हणजे आत ऊब राहते. खरंखोटं तिला ठाऊक. मी मात्र वाडगा चाटूनपुसून परत करायचो. महिन्यानं तिची लेक हसत हसत, मला कळेल असे हातवारे करत म्हणाली, "ही बाळंतिणीची पेज आहे. मला रोज जात नाही, म्हणून तुम्हाला." म्हणजे सबंध फ्रिस्कोत मिशीवाली बाळंतीण मी एकटाच!

खरी बाळंतीण कराडात होती. त्याच महिन्यात आम्हाला मुलगी झाली होती, आणि मी तिला फोनवर फक्त रडताना ऐकलं होतं. मालकाकडे सुट्टी मागायला रोज जायचो आणि कांदे संपलेत असं सांगून परत यायचो. आजीला मी हातांचा पाळणा करून दाखवला आणि लांब कुठंतरी बोट केलं. ती हसली नाही. घरातून बोरांची मोठी पिशवी आणून माझ्या हातात कोंबली, आकाशाकडे बोट केलं आणि पहिल्यांदाच एक नवा इंग्लिश शब्द काढला, "गो."

मी कसला जातोय! तीच गेली, व्हिसाचे सहा महिने भरल्यावर. हल्ली पेज मीच करतो. आलं जास्त होतं, बोरं कडक राहतात, आणि जीभ आरशात बघून काही कळत नाही. परवा कॉलिंग कार्डावरून बायकोला फोन लावून डॉक्टरच्या थाटात सगळं समजावलं. लाल बोरांनी रक्त वाढतं, आल्यानं ऊब राहते, पिशवी पाठवतो, रोज पेज कर.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "काय खायचं ते सांगणारी माणसं हितं रग्गड हायेत. पोरीला उचलून घ्यायला बाप तेवढा न्हाई."