गुणाजीचा काटा खोटं बोलत नाही

माणसाला एक तरी काम असं यावं, की ते करताना हात डोळ्यांच्या आधी पोचावा. गुणाजीला गेज यायचं. शहाडच्या एका कारखान्यात चौतीस वर्षं त्यानं दाब मोजणारी गेजं दुरुस्त केली. वाटीएवढं गोल तोंड, काचेमागं एक काटा. बॉयलरवर, टाक्यांवर, नळांवर अशी शेकडो तोंडं, आणि प्रत्येकाचं दुखणं गुणाजीला ठाऊक. काचेवर नखानं टिचकी मारायचा, काटा कसा थरथरतो ते बघायचा आणि सांगायचा, "ह्याची स्प्रिंग दमली." उघडून बघावं तर स्प्रिंगच दमलेली असायची. 'गुणाजीचा काटा खोटं बोलत नाही,' असं मोठे साहेबसुद्धा म्हणत. निवृत्तीच्या दिवशी शाल मिळाली, नारळ मिळाला. पण ठाकुर्लीच्या घरी तो मिरवत घेऊन आला ते हे वाक्य.

साठी उलटल्यावर कुणी देवळात जातं, कुणी बागेत हसायला जातं. गुणाजी रॉकेटं उडवायला लागला. डोंबिवलीचे विश्रामराव, शाळेत पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेले, त्यांनी दहा-बारा हौशी माणसं जमवली होती. थंडीत भात कापून झाला, की शहाडपलीकडच्या रिकाम्या खाचरात, शेतमालकाला विचारून आणि चौकीवरून परवानगीचा कागद घेऊन, ही मंडळी रविवारी सकाळी जमत. पुठ्ठ्याची नळी, लाकडाची टोकदार नाकाडी, पातळ प्लायचे तीन पंख. दारू पेटली की रॉकेट सूं करून वर जायचं, शेंड्याला पोचलं की पोटातून पॅराशूट काढायचं आणि पिकल्या पानासारखं खाली यायचं. गुणाजी पंख असे घासायचा, की बोट फिरवणाऱ्याला लोणी आठवावं.

या वर्षी त्याच्या रॉकेटात अल्टिमीटर आला. म्हणजे उंची मोजणारं यंत्र, अंगठ्याएवढी पट्टी. वर जाऊ तसा हवेचा दाब उतरतो, त्यावरून ते उंची ओळखतं, शेंड्याला पॅराशूट सोडतं आणि खाली आल्यावर टिक् टिक् करून आकडा सांगतं. याच मंडळींतल्या, कोपरीच्या अक्षदानं ते स्वतः जोडून दिलं होतं. पोरगी ठाण्यात नोकरी करायची आणि सुट्टीच्या दिवशी तारांना कथिलाचा डाख देत अशी यंत्रं जोडायची. बाहेरची हवा यंत्राला कळावी म्हणून तिनं रॉकेटच्या कमरेला सारख्या अंतरावर तीन बारीक भोकं पाडून दिली होती.

दाब मोजणारं यंत्र! गुणाजीला वाटलं, आपलंच एखादं गेज बारीक होऊन भेटायला आलं.

पण पहिल्याच रविवारी रॉकेट पतंगांच्याही वर गेलं आणि आकडा आला अवघा एकेचाळीस मीटर. पॅराशूट उघडलं ते जमीन हातभर उरल्यावर. दुसऱ्या रविवारी अठ्ठावीस, आणि नाकाडी चिखलात रुतली.

"काका, कांदे लावताय का?" अक्षदा हसली.

गुणाजीला ते झोंबलं. मधल्या दिवसांत त्यानं बॅटरी बदलली होती, ती दोऱ्यानं करकचून बांधली होती, तारा ओढून बघितल्या होत्या. मग चार लोकांसमोर तो बोलून गेला, "तुझा डाख कच्चा आहे, पोरी. आमच्या कारखान्यात असला डाख कुणी हातात धरला नसता."

विश्रामरावांनी चष्मा पुसत नियम सांगितला, "गुणाजीराव, तीनदा जे नाक खाली करून येतं, ते आपण पुन्हा उडवत नाही. खाली माणसं उभी असतात. आता एकच संधी."

एकच संधी. रॉकेट घरी बसलं तर बसू दे. पण लोक म्हणणार, गुणाजीला एवढासा काटा दुरुस्त करता आला नाही. आठवडाभर त्याला जेवण गोड लागेना.

"त्या पट्टीपायी भाकरी सोडलीत," बायको कलावती म्हणाली. "मला कधी ताप आला, तेव्हा एवढं बघितलं नाहीत."

"तुझा काटा बरोबर चालतो," गुणाजी म्हणाला.

गुरुवारी त्यानं पट्टी बाहेर काढली, तळहातावर ठेवली आणि लिफ्टनं तळमजल्यावरून सातव्या मजल्यावर जाऊन खाली आला. पट्टीनं दोनदा टिक् केलं, थांबली, मग एकदा. एकवीस मीटर. बरोबर! म्हणजे डाख पक्का होता. गुणाजीच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

मग त्यानं पट्टी रॉकेटात बसवली, पोट बंद केलं आणि अख्खं रॉकेट उराशी धरून लिफ्टमध्ये शिरला. चौथ्या मजल्यावर एक बाई भाजीची पिशवी घेऊन आत आल्या.

"काय गुणाजीभाऊ, नळाचा पाइप बदलताय?"

"नाही वहिनी, ह्याला हवा दाखवायला चाललोय."

बाई पाचव्यावरच उतरल्या.

खाली आल्यावर पट्टी चारदा टिकटिकली आणि गप्प. चार मीटर! उघडी असताना एकवीस, पोटात बसली की चार. गुणाजी पुन्हा वर गेला. या वेळी सातव्या मजल्यावर जिन्यात बसून राहिला. दूध घालणारा येऊन गेला, कुणाचं तरी वरण उतू गेल्याचा वास आला. पाऊण तासानं खाली उतरला, तर आकडा एकोणीस.

उशिरानं का होईना, आकडा चढतो.

गुणाजीला स्वतःचीच शिकवण आठवली. कारखान्यात नव्या आलेल्या प्रत्येक माणसाला पहिल्या दिवशी तो एकच गोष्ट शिकवायचा: काटा सुस्तावला तर काट्याला शिव्या देऊ नका, आधी नळी बघा. नळी चोंदली की काटा बिचारा उशिरा पोचतो.

त्यानं रॉकेट उजेडात धरलं. कमरेवरची तीन भोकं शोधायला लागला, आणि भोकं दिसेनात. तिथं तीन कुंकवाचे टिळे होते. लालभडक, गोल, सारख्या अंतरावर.

त्याचं असं होतं, की कारखान्यात दसऱ्याला प्रत्येक यंत्राला तेलात कालवलेलं कुंकू लागायचं, नुसतं कुंकू कंपनानं झडतं म्हणून. गुणाजीनं ती रीत सोडली नव्हती. प्रत्येक उड्डाणाआधी नारळ आणि तेलातलं कुंकू. जुन्या रॉकेटांना टिळे अंदाजानं लागायचे आणि एखादा तिरका पडायचा, ते त्याच्या डोळ्याला खुपायचं. या रॉकेटावर मात्र तीन ठिपके आयतेच आखून मिळाले होते! फिटरच्या हातानं बोट नेमकं भोकावर ठेवलं होतं. दोन रविवार, दोन थर.

"अगं ए," त्यानं घरात शिरताच हाक मारली, "मी देवाचं नाव घेऊन त्याचं नाकच दाबलं की!"

कलावतीनं टिळे बघितले, मग नवऱ्याकडे बघितलं आणि पदर तोंडाला लावून इतकी हसली, की शेगडीवरचं दूध राहिलं बाजूला.

रविवारी खाचरात दहिवर होतं. सुईनं साफ केलेली भोकं गुणाजीनं पुन्हा एकदा फुंकून बघितली. कुंकू लावलं ते पंखांवर. नारळ फुटला, विश्रामरावांनी उलटे आकडे मोजले आणि रॉकेट निघालं. निळ्या आभाळात धुराची एक सरळ रेघ ओढली गेली. शेंड्याला ते क्षणभर टेकल्यासारखं झालं आणि तिथंच, अगदी तिथंच, भगवं पॅराशूट उमललं. खाली येईपर्यंत गुणाजीच्या टोपीचा त्याच्या हातात बोळा झाला होता.

दोनदा टिक्. एकदा. मग चारदा.

"दोनशे चौदा!" अक्षदा ओरडली.

विश्रामरावांनी मंडळाची वही उघडली. "दोषाचं कारण लिहायला हवं. अक्षदानं डाख पुन्हा दिला असेल, तसंच लिहितो."

अक्षदानं गुणाजीकडे बघितलं. गुणाजीनं नुसती मान हलवली असती, तर गोष्ट तिथंच मिटली असती आणि चौतीस वर्षांचं वाक्य शाबूत राहिलं असतं.

"वही इकडे द्या, सर," तो म्हणाला.

सावकाश, वळणदार अक्षरात त्यानं लिहिलं: 'तीन भोकांवर तीन टिळे लावले. डाख पहिल्यापासून पक्का. चूक गुणाजीची.' खाली सही केली.

अक्षदानं खांद्यावरून वाचलं. "काका, चौतीस वर्षांत तुमच्या कारखान्यात असला फिटर कुणी ठेवला असता का?"

"हाकलला असता," गुणाजी म्हणाला, आणि पोरीच्या हातावर खोबऱ्याचा मोठा तुकडा ठेवला.