ज्या गावाला जायचं नाही

लेक चार्ल्सला गेलात तर जवळच्या दलदलीतल्या रस्त्यानं एकदा जरूर जा, पण मगर दिसली म्हणून गाडीतून उतरू नका. संध्याकाळी तळ्याकाठी बसा. शनिवार धरून गेलात तर उत्तम, कारण आसपासच्या गावांत म्हातारीकोतारी माणसं शनिवारी सकाळी न्याहारीच्या वेळेलाच जोडीनं नाचायला उभी राहतात. हा सगळा सल्ला मी जगाला द्यायचे तो रोह्यात, मागच्या खोलीत, सासूबाईंच्या कॉटच्या पायथ्याशी बसून. त्या वर्षी मी स्वतः कोलाडच्या पुढे गेले नव्हते.

आधी मी पनवेलला एका पर्यटन कंपनीच्या ऑफिसात जायचे. आई, म्हणजे सासूबाई, मोरीत घसरून पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा मी घरून करता येईल असं काम मागून घेतलं. परदेशी जाणाऱ्यांसाठी मजकूर लिहायचा, इंग्रजीत. काय पाहावं, काय खावं, पाऊस असेल तर काय करावं, पोरं बरोबर असतील तर कुठं न्यावं. प्रत्येकीला जगाचा एक तुकडा वाटून दिला होता. माझ्या वाट्याला अमेरिकेच्या दक्षिणेचा समुद्रकिनारा आला आणि त्यातही लुइझियानातलं हे शहर पुन्हा पुन्हा यायला लागलं. मूळचे फ्रेंच, कॅनडातून हुसकावलेले आणि इथल्या पाणथळीत येऊन राहिलेले केजन लोक त्या बाजूला पुष्कळ. त्यांचं खाणं, त्यांची गाणी, त्यांचा शिमगा, सगळं मला पाठ झालं. नाव मात्र खाली माझं नसायचं. नाव सोनूबाई हाती कथलाचा वाळा म्हणतात, मला तर नावही नव्हतं.

आईंच्या पायात सळई घातली. डॉक्टर म्हणाले, काठी घेऊन हिंडतील. त्या काही हिंडल्या नाहीत. खांब गावाजवळच्या शेतावर जन्मभर भात लावलेली, वाल उपटून खळ्यावर वाहून आणलेली बाई, आणि आता कॉटपासून संडासापर्यंत जायला माझा खांदा लागायचा. बाजारात गेले तरी माझा अर्धा जीव घरी. भाजीवालीशी घासाघीस करायची मी सोडून दिली, कारण तेवढ्यात फोन वाजायचा आणि पलीकडून फक्त "गो" एवढंच ऐकू यायचं. नवरा कंपनीत, शिफ्ट ड्युटी. मी कुरकुरले की तो म्हणायचा, थोडे दिवस. थोडे म्हणजे किती, हे त्याला विचारण्यात अर्थ नव्हता. त्याला फर्स्ट, सेकंड आणि नाइट एवढंच कॅलेंडर कळतं. मी अडकले होते, आणि हे गोड करून सांगायची माझी इच्छा नाही.

लिहिताना मला वाक्य तोंडानं पुटपुटायची सवय. एक दिवस आईंनी विचारलं, "काय गो बडबडतस? कोनाला शिव्या घालतस?"

मी म्हटलं, "शिव्या नाहीत. अमेरिकेतलं एक शहर आहे, तिथं काय काय खातात ते लिहितेय."

"मंग मलाबी सांग. शिव्या असल्या तर आदी सांग."

तिथून ते सुरू झालं. दुपारचं जेवण झालं, गोळ्या झाल्या की मी त्यांना त्या दिवशी लिहिलेलं मराठीत सांगायचे. भेंडी आणि कोळंबी एकत्र शिजवून दाट कालवण करतात आणि भातावर घेतात, हे सांगितलं त्या दिवशी त्या उशीवरून जवळजवळ उठून बसल्या.

"भेंडीत कोळंबी?"

"हो."

"चिकट नाय व्हत?"

"होतं. त्यांना तसंच आवडतं."

"देवानं त्यांना समदं दिलं, अक्कल तेवडी इथंच ऱ्हायली."

पण भात कापून झाल्यावर शेतात पाणी भरून त्यात झिंगे वाढवतात, खेकड्यासारख्या नांग्या असलेले, हे त्यांना पटलं. शेत मोकळं ठेवणं त्यांच्या मते आळशी माणसाचं लक्षण. ते झिंगे मक्याची कणसं आणि बटाटे घालून मोठ्या हंड्यात उकडतात, टेबलावर कागद अंथरून सगळा ढीग ओततात आणि सगळेजण उभ्याउभ्या हातानं सोलून खातात, हे ऐकल्यावर म्हणाल्या, "म्हंजे पोपटीच की. फकस्त वालाच्या शेंगा नायत नि पाला नाय. त्यांना सांग, भांबुर्ड्याचा पाला लावा म्हनावं." पोपटी म्हणजे आमच्याकडं थंडीत शेतात मडकं पाल्यानं भरून जाळावर भाजतात ती. मी त्यांच्यासमोर तसं टाइप केल्यासारखं केलं. खोटं कशाला बोलू, दिवसातला तेवढाच तास मला माणसात असल्यासारखा वाटायचा. त्या हसायच्या, मी हसायचे, आणि खोलीला औषधांचा वास येतोय हे तेवढा वेळ कुणाच्या लक्षात राहायचं नाही.

मग हळूहळू त्यांचे प्रश्न बदलले. खाण्याचं विचारायच्या थांबल्या. तिथं थंडी किती असते. विमानात किती वेळ बसावं लागतं. आपल्याकडचे कोणी असतात का तिथं. कंपन्या हायत का. मी सांगितलं, भरपूर आहेत, तळ्यापलीकडं चिमण्याच चिमण्या, आपल्या एमआयडीसीसारख्या. त्यावर त्या भिंतीकडं तोंड करून झोपल्या. मला वाटलं, म्हातारीला आता जगाची गोडी लागली. मी आणखी रंगवून सांगायला लागले.

चैत्रात माझ्या भावाचा फोन आला. माझं माहेर पेण तालुक्यात, धरमतर खाडीच्या बाजूला, खारभूमीत. आमच्याकडं भातशेताच्या कडेला तळं असतं. त्यात खाडीतून आलेली जिताडा माशाची पिल्लं सोडायची, दोन-चार वर्षं वाढू द्यायची आणि उन्हाळ्यात तळं उपसायचं. आमच्या घरची रीत अशी की त्या दिवशी लेकींना बोलावणं जातं. पहिला जिताडा लेकीनं चिखलात उतरून हातानं काढायचा, मग बाकीच्यांनी. लग्नानंतरही मी एकदोन वर्षं सोडली तर चुकवलेलं नव्हतं. साडी खोचून मांडीपर्यंत चिखलात उभं राहणं आणि तो चांदीचा धडपडता मासा छातीशी धरणं, याच्यासारखं सुख मला दुसरं माहीत नाही.

भाऊ म्हणाला, "बाय, या वर्साला येच गो. पुढल्या वर्साला तळा नाय."

जमीन प्रकल्पात गेली होती. कागद आधीच झाले होते, मला ते ठाऊकही होतं, पण तळं उपसलं की दुसऱ्याच दिवशी त्यावर भराव पडणार, हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. बाबा त्याच्या शेजारीच असणार. ते फोनवर आले नाहीत.

मी ठरवलं, जायचंच. एक दिवस आणि एक रात्र. नवऱ्याला सांगितलं, विचारलं नाही. तो उठून शेजारच्या काकूंशी बोलून आला. काकू दिवसभर येऊन बसायला तयार झाल्या. रात्री तो घरी असणारच होता. अडचण एकच होती. तळ्याचं पाणी सोडतात ते उघाडीतून, म्हणजे खाडीच्या बांधातल्या दारातून, आणि ते दार उघडायचं ओहोटीला. ओहोटी सकाळची होती. मला पहिल्या गाडीनं निघायलाच हवं होतं. उशिरा पोचून उपयोग नव्हता, समुद्र काही रोह्याच्या सुनेसाठी थांबत नाही.

आदल्या संध्याकाळी मी माळ्यावरची बॅग काढली, झटकली, त्यात जुनी साडी घातली. आई बघत होत्या.

"कुटं चाललीस?"

"आई, सांगितलं ना, पेणला. तळं उपसायचंय. परवा येते."

"व्हय," त्या म्हणाल्या. तेवढ्यात काकू डोकावल्या आणि म्हणाल्या, "तू बिनघोर जा गो. आमी हाव ना. यांची सवय करून घिऊ." आईंनी त्यांच्याकडं पाहिलं आणि डोक्यावरून पांघरूण ओढलं.

सकाळी नवरा फर्स्ट शिफ्टला गेला. काकू आल्या. मी बॅग उचलली, चपला घातल्या, आणि आतून आवाज आला. छातीत दुखतंय. श्वास घेता येत नाही. मी बॅग टाकून धावले. आईंचा हात गार होता, कपाळाला घाम होता. काकू घाबरून देवाचं नाव घ्यायला लागल्या. मी रिक्षा आणवली, दोघींनी उचलून त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी काढली, रक्तदाब बघितला, पुन्हा पट्टी काढली. काही नाही म्हणाले. ताण आलाय, घरी न्या, आराम करू दे. घरी येऊन त्यांना कॉटवर निजवलं तेव्हा गाडी कधीच गेली होती, आणि ओहोटीही लागली होती.

भावानं व्हिडिओ कॉल केला. मी मागच्या दारात उभी राहून पाहिलं. तळ्यात गुडघाभर पाणी, बाकी चिखल. बाबा पाग हातात घेऊन बांधावर उभे होते, ते जाळं फेकायला काही केल्या उतरेनात. भाऊ त्यांना म्हणाला, "बाबा, बाय नाय येत. सासू आजारी हाय." बाबांनी मान हलवली. मग ते स्वतःच चिखलात उतरले, वाकले, बराच वेळ चाचपत राहिले, आणि त्यांनी एक मोठा जिताडा दोन्ही हातांनी वर काढून फोनच्या दिशेनं धरला. माझ्यासाठी. त्यांच्या हातातून तो निसटत होता. मला उद्देशून काहीतरी बोललेही, पण तिथं नेटवर्क कधीच धड नसतं, चित्र थांबलं, बाबा तसेच वाकलेले राहिले आणि फोन बंद पडला. मी लावत राहिले. लागला नाही.

दुपारी मी आईंना मऊ भात नेला. त्यांनी तो सगळा खाल्ला. लोणचं मागितलं. तेही खाल्लं. काकू घरी गेल्या होत्या. मी समोर बसून बघत होते आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"आई, छातीत दुखत होतं ना?"

त्या बोटानं ताटातलं लोणचं निपटत राहिल्या.

"दुखत नव्हतं," मी म्हटलं.

"नाय," त्या म्हणाल्या.

मी खूप बोलले. इतक्या महिन्यांचं सगळं बोलले. मोरीचं, संडासाचं, फोनचं, तळ्याचं. माझा आवाज गल्लीत ऐकू गेला असणार. त्यांनी मला अडवलं नाही. माझं संपल्यावर त्यांनी ताट बाजूला सारलं.

"तू अमेरिकेला चाललीस," त्या म्हणाल्या.

मला आधी कळलंच नाही.

"बॅग काडलीस. ती शेजारीन म्हनते सवय करून घिऊ. मला कोन सांगतच नाय. पेनला जाते सांगून जायाचं नि मंग तिथून फोन करायचा."

"आई, मी तिथलं नुसतं लिहिते. कामासाठी."

"थोरला बी असंच सांगायचा," त्या म्हणाल्या. त्यांचा थोरला मुलगा, माझे मोठे दीर, दुबईला असतात. मी या घरात यायच्या कितीतरी आधी गेलेले. "रोज दुपारचा माज्याजवळ बसून सांगायचा. तिथले रस्ते, तिथली दुकानं, काय खातात, किती गरम व्हतं. मला वाटायचं, पोरगा करमनूक करतोय. दोन वर्सांनी येतो म्हनला. पडले तवाबी नाय आला, फोन केलान." मग त्यांनी माझ्याकडं सरळ बघितलं. "ज्या गावाला जायाचं नाय त्याची वाट कोन इचारतं गो? तुला तर समदी पाठ हाय."

माझ्याकडं पासपोर्टही नव्हता. हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. कारण म्हातारी साफ चुकीची नव्हती. मी रोज जात होते. त्या तळ्याकाठी मी कितीदा एकटी बसले होते, नाचात उभी राहिले होते, आणि तिथं मला कुणी "गो" म्हणून हाक मारत नव्हतं.

"नाय ना जायाची?" त्यांनी विचारलं. माझ्या मनगटाला धरलं होतं. पडल्या होत्या त्या दिवशीसुद्धा त्यांनी मला असं धरलं नव्हतं.

साधं उत्तर होतं आणि खरं होतं. पण ते मी आजवर मोठ्यानं कधी उच्चारलं नव्हतं, स्वतःशीसुद्धा. उच्चारलं नव्हतं तोवर कुठंतरी एक दार किलकिलं होतं. मी त्यांच्या हाताकडं बघत राहिले.

"नाही आई," मी म्हटलं. "मी कुठंच जाणार नाहीये."

त्यांनी हात सोडला. चेहरा एकदम मोकळा झाला, पाठ टेकली, डोळे मिटले. मी ताट उचललं तेव्हा त्यांनी पुन्हा डोळे उघडले. आवाजात इतकी माया होती की मला तिथं उभं राहवेना.

"मंग उद्या जाऊन ये गो माहेरी," त्या म्हणाल्या. "तुजं ते तळं बगून ये. एक दिवस मी काडीन कसातरी."

तळ्यावर भरावाचे डंपर उद्या सकाळीच लागणार होते. मी बरं म्हटलं आणि ताट घासायला घेऊन गेले.