कपाटातला राऊटर

आमच्या परळीत वीज केंद्राची राख न विचारता घरात येते, म्हणून आमच्याकडं टीव्हीपासून मिक्सरपर्यंत सगळ्याला झाकण असतं. तीन शिंगांचा नवा राऊटर मी दुकानात शिंगं मोजूनच निवडला होता. तो थेट लोखंडी कपाटात ठेवला आणि स्वतःच्या हुशारीवर दिवसभर खूश राहिलो.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता लेकीची नोकरीची ऑनलाइन मुलाखत, आणि तिच्या खोलीत इंटरनेटचा पत्ता नाही! धावत जाऊन वायरवाल्या भाईला आणलं. हा माणूस घरात शिरला की आधी यंत्राशी बोलतो, मग माणसांशी.

मी कपाट उघडलं. तो आत वाकला. "काय बे, तुला कावून कोंडलं? चोरी केलती का?" मग माझ्याकडं वळला. "मामा, लोखंडातून रेंज कशी जाईल?"

"राख बसेल ना," मी पुटपुटलो.

"राख पुसता येती. ताईची नोकरी गेली तर काय पुसताल?"

राऊटर बाहेर काढून, वायर ओढत तो घरभर फिरला. रेंज नीट मिळाली ती लेकीच्या दारावर, अगदी उंचावर. खिळा ठोकायला वेळ नव्हता. भाई स्टुलावर चढला आणि दोन्ही हातांनी राऊटर धरून उभा राहिला. अर्धा तास हा बडबड्या माणूस खोकलासुद्धा नाही.

लेक हसत बाहेर आली.

"ताई, झालं का सिलेक्शन?"

"परवा कळवतील."

"मंग मी उतरू, का परवापर्यंत हितंच थांबू?"