दवाखान्यातला नायट्रोजन

माझ्या प्रयोगशाळेतली थंडी जनावरांच्या दवाखान्यातून येत असे. हे मी कुठल्याही शोधनिबंधात लिहिलेलं नाही.

हिंगणघाटजवळच्या एका कॉलेजात मी भौतिकशास्त्र शिकवतो. मँगनीजच्या ऑक्साइडची भुकटी भट्टीत भाजून छोट्या चकत्या करायच्या, त्यांना चांदीच्या लेपानं चार बारीक तारा चिकटवायच्या आणि चकती थंड होत जाते तसा तिचा विद्युतरोध कसा बदलतो ते मोजायचं, हे माझं संशोधन. एका तापमानापर्यंत रोध चढतो आणि मग अचानक उतरू लागतो. तो उतार नेमका कुठे सुरू होतो, हे शोधण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. त्यासाठी द्रवरूप नायट्रोजन लागतो. नागपूरहून आणायचा तर वाटेतच बराच उडून जाई. आमच्या गावच्या दवाखान्यात मात्र तो कायम असे, कारण गायी-म्हशी भरवण्यासाठी, म्हणजे गाभण करण्यासाठी, वळूंचं गोठवलेलं वीर्य बारीक नळ्यांत भरून त्यात बुडवून ठेवलेलं असतं.

तिथला पर्यवेक्षक माझ्याच वयाचा. गाव त्याला डॉक्टर म्हणे, मीही म्हणे. मी माझं भांडं घेऊन गेलो की नायट्रोजनच्या कॅनचं झाकण उघडताना तो म्हणायचा, "हळू बोला सर, अर्ध्या तालुक्याचे बैल झोपून राह्यले याच्यात." कॅनमध्ये लाकडी पट्टी बुडवून बाहेर काढायची. जिथवर पांढरं दव गोठेल तिथवर नायट्रोजन. ती रेघ चार बोटांच्या खाली जाऊ द्यायची नाही, एवढा एकच नियम त्यानं मला घालून दिला होता.

सात वर्षांपूर्वी एका नियतकालिकानं माझा निबंध परत पाठवला. चकती थंड होतानाची मोजणी होती, तापतानाची नव्हती. तीही करून महिन्याभरात पाठवा, असं परीक्षकांचं म्हणणं. त्याच आठवड्यात डॉक्टर लसीकरणासाठी आठ-दहा दिवस समुद्रपूरकडे गेला. जाताना दवाखान्याची किल्ली माझ्या हातात दिली.

"उद्या गाडी येते नायट्रोजनची. तोवर लागला तर घेजा. पट्टी पाह्यजा मात्र."

मी भांडं भरून नेलं, मोजणी सुरू केली आणि अर्ध्यावर वीज गेली. पुन्हा आणायला गेलो तेव्हा पट्टीवरची रेघ जेमतेम पाच बोटं होती. गाडी उद्या येतेच आहे, असं स्वतःला सांगून मी भांडं भरलं. मोजणी सुंदर झाली. तो आलेख अजून माझ्या कपाटात आहे.

गाडी आठव्या दिवशी आली. मधे सहाव्या दिवशी मी दवाखाना उघडून पट्टी बुडवली होती. ती कोरडी निघाली. आत अजून गार असेल, म्हणून मी झाकण लावलं, कुलूप लावलं. ज्यानं आयुष्यभर एकेका अंशाचा हिशेब ठेवला, त्यानं स्वतःला 'गार असेल' असं सांगितलं. त्या वीर्याला एकदा ऊब लागली की नंतर कितीही थंड करा, उपयोग नसतो. बाहेरून नळ्या तशाच दिसतात.

डॉक्टर आला तेव्हा गाडीवाला कॅन भरून गेलेला होता.

"रेघ किती होती, सर?"

"चार बोटं," मी म्हणालो.

पुढच्या दोन-तीन महिन्यांत गावातल्या गायी एकामागून एक उलटू लागल्या. भरवलेली गाय तीन आठवड्यांनी पुन्हा माजावर यायची. माझ्या चुलत वहिनीची गाय तीनदा उलटली. वांगी-मेथीच्या जोडीला दूध, असं त्यांचं घर चाले. ती भर दवाखान्यात त्याला म्हणाली, "तुह्या हातात काही राह्यलं नाई. गावठी वळू बरा तुह्यापेक्षा, त्याले पगार तरी नाई लागत." लोक हसले. मीही तिथेच होतो.

एका दुपारी तो माझ्या प्रयोगशाळेत आला. खिशातून रुमालात गुंडाळलेला थर्मामीटर काढला. नळी वापरण्याआधी कोमट पाण्यात धरायची असते, त्या पाण्याचं तापमान मोजायचा.

"सर, हा चुकीचं दाखवून राह्यला का, पाहून देता? पाणी जास्त गरम होत असंन, म्हणून असं होत असंन."

मी त्याचा थर्मामीटर माझ्या उपकरणाशी लावून पाहिला. तीन वेगवेगळ्या तापमानांना. तो उत्सुकतेनं माझ्याकडे बघत होता. थर्मामीटर अगदी अचूक होता.

"बरोबर आहे," मी म्हणालो.

"मंग हातच बिघडला म्हणायचा." त्यानं तो पुन्हा रुमालात गुंडाळला.

तेव्हा बोलायला हवं होतं. मी त्याला चहा पाजला. निबंध छापून आला, त्यात मी विभागाचे आणि प्राचार्यांचे आभार मानले. डॉक्टरनं भरवण्याचं काम सोडून लसीकरण मागून घेतलं आणि वर्षभरात समुद्रपूरला बदली करून घेतली.

गेल्या महिन्यात मी बसनं तिथे गेलो आणि त्याला सगळं सांगितलं. तो जनावरांची नोंदवही लिहीत होता. लिहायचं थांबला नाही.

"कोरडी पट्टी पाह्यली होती तुम्ही?"

"हो."

"अन् मी थर्मामीटर घेऊन आलतो तवा?"

"तेव्हाही ठाऊक होतं."

नोंदवहीतली ओळ पुरी करून तो म्हणाला, "मले काऊन सांगता, सर? मी तर माह्या हाताले शिव्या देऊन मोकळा झालो. ज्याइनं मले शिव्या देल्या त्याइले सांगा."

दुसऱ्या दिवशी मी वहिनीकडे गेलो. ती मेथीच्या जुड्या बांधत होती. मी बोलत असताना तिचे हात थांबले.

"भाऊजी, तुम्ही तवा तिथंच उभे होते ना? मी बोलत होती तवा?"

"होतो."

"नंबर द्या त्याचा."

मी माझ्याच फोनवरून लावून देऊ लागलो, तर ती म्हणाली, "तुमचा फोन नको." तिनं आतून स्वतःचा आणला, मी सांगितलेला नंबर एकेक आकडा दाबून लावला. पलीकडून आवाज आला तशी ती "डॉक्टर, मी बोलून राह्यली," एवढं म्हणाली आणि फोन कानाला लावून घरात गेली. दार लोटून घेतलं. मी ओट्यावर अर्धवट बांधलेल्या मेथीपाशी उभा राहिलो. आत ती बराच वेळ बोलत होती. मला कोणी आत बोलावलं नाही.