अजून दोन सालं

सन १९४७, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ. रक्कम सव्वा रुपया, सोबत एक नारळ. हजर तिघे: वस्ताद, मी आणि तालमीतल्या मातीच्या हौद्याच्या कडेला अंग पुसत उभा असलेला सिद्राम. मी पैसे पुढे केले तशी वस्तादांनी त्यातली पावली उचलून मारुतीपुढच्या तेलाच्या वाटीशेजारी ठेवली आणि रुपया माझ्या हातात परत दिला.

"ह्यो ठेवा तुमच्याकडंच. सा म्हैनं आलासा तर घीन. न्हाय आलासा तर तुमचा तुमाला."

मग ते उकिडवे बसले आणि त्यांनी अंगठा माझ्या पोटरीत रोवला. फळ पिकलंय का बघताना आपण दाबतो, तसा. थोडा वेळ तसाच ठेवला, काढला, आणि म्हणाले, "कच्चं हाय."

मी तेव्हा चौतीस वर्षांचा होतो आणि जकात नाक्यावर कारकून होतो. दिवसाचे आठ तास स्टुलावर बसून कंबर धरली होती. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला आणि घरापासून सर्वांत जवळ ही तालीम होती, एवढंच कारण. कुस्तीचं मला काही कळत नव्हतं.

"किती बैठका मारतासा?" वस्तादांनी विचारलं.

"वीस." मी जरा अभिमानानंच सांगितलं.

"उद्यापासनं धा मारा."

"पण मला वीस जमतात."

"जमत्यात म्हनूनच धा."

दुसऱ्या दिवशी मी आत पाऊल टाकलं तर कोपऱ्यातून एक पोरगा ओरडला, "जकात आली रं, डबं झाका." सगळे हसले. वस्ताद हसले नाहीत आणि रागावलेही नाहीत. त्यांचं लक्ष माझ्या टाचांकडे होतं. बैठक मारताना माझ्या टाचा उचलत होत्या.

असा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. साठीच्या आसपासचा, बुटका, मान आणि खांदा यांच्यामध्ये जागा न उरलेला, दोन्ही कान चुरगळलेले. चालताना उजवा पाय किंचित ओढणारा. त्या पायाची हकिकत त्यांनी मला एकदाच सांगितली. त्यांच्या वस्तादानं त्यांना अठराव्या वर्षी मैदानात उतरवलं. तीन वर्षं ते जिंकत राहिले. एकविसाव्या वर्षी गुडघा गेला. "अंगात रग हुती, पर हाड भरलं न्हवतं," ते म्हणाले. "मानूस रग बगतो. हाड कोन बगतो?" त्यानंतरची चाळीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांची हाडं बघण्यात घालवली.

त्यांचा नियम सोपा होता. महिन्याला मी पाच वाढवायच्या, सहा नाही; पोरांनी वीस, एकवीस नाही. ताप आला, गावाला गेलं, खंड पडला, तर एक महिना मागं जायचं आणि तिथून पुन्हा चढायचं. चोवीस वर्षं पुरी झाल्याखेरीज कुणीही मैदानात उतरायचं नाही. मला हा नियम आवडला, कारण तो वहीत लिहिता येत होता. वस्तादांना लिहिता येत नव्हतं. सहा महिन्यांनी त्यांनी माझा रुपया घेतला आणि त्याच दिवशी वही माझ्याकडे आली. बारा पोरं, बारा रकाने. बैठका, जोर आणि दर महिन्याला वजन. वजन मी नाक्यावरच्या मालाच्या काट्यावर करत असे. गुळाच्या ढेपांच्या जागी पैलवान उभा राहिला की गाडीवाले विचारायचे, "ह्याची जकात किती?"

या बाराही पोरांत वस्तादांचा जीव सिद्राममध्ये. तो नेसरीचा, वय सतरा. वडिलांचं गावात किराणा मालाचं दुकान, थोडी जमीन. घरात मटण वर्ज्य, त्यामुळे अंग वाढवायचं ते दूध, तूप आणि बदामावर. पोरगा रुंद हाडाचा, कमी बोलणारा. वस्ताद दर सोमवारी त्याच्या पोटरीत अंगठा रोवायचे आणि म्हणायचे, "अजून कच्चं हाय." सिद्राम मान हलवून पुन्हा जोर काढायला लागायचा. दुसऱ्या तालमींची त्याच्या वयाची पोरं मैदान मारून डोक्याला फेटा बांधून वाजतगाजत पेठेतून जायची. आमची पोरं दारात उभी राहून बघायची.

एकदा सिद्रामनं विचारलं, "वस्ताद, माजं लगीन तरी चोवीसच्या आदी हुईल न्हवं?"

"लगीन कर की," वस्ताद म्हणाले. "त्यात कोन चितपट करतंय ते तुजं तू बग. कुस्ती मातर न्हाय."

एकोणपन्नास साली संस्थान विलीन झालं. मी राजकारणावर लिहीत नाही; माझ्या वहीत काय दिसलं तेवढंच सांगतो. दरबारातून पैलवानांना खुराक मिळायचा तो आटला. वस्तादांना स्वतःला दरमहा थोडी तैनात मिळायची, तीही थांबली. वर्षभरात बारा रकान्यांतले पाच कोरे झाले. एक पोलिसात गेला, एक एसटीत कंडक्टर झाला, एक गिरणीत. पुढच्या दोन वर्षांत आणखी सहा. जाताना प्रत्येक जण वस्तादांच्या पाया पडायचा आणि वस्ताद प्रत्येकाला तेच सांगायचे, "बैठका सोडू नगंस. पंचवीस तर पंचवीस, पर रोज."

सिद्राम राहिला. गावाहून तुपाचा डबा यायचा तो महिन्याऐवजी दोन महिन्यांनी येऊ लागला. वस्ताद आपल्या वाट्याचं दूध त्याच्या लोट्यात ओतायचे आणि स्वतः पाण्यात भिजवलेली हरभऱ्याची डाळ खायचे. मला वाटायचं हे कुणाला दिसत नाही. सिद्रामला दिसत होतं. त्यानं मला एकदा सांगितलं, "कारकूनसायेब, घोट उतरत न्हाय वो. पर न्हाय पिलो तर त्येस्नी वाटंल मी धीर सोडला."

बावन्न साली सिद्राम बावीस वर्षांचा असताना त्याचे वडील आले. उन्हातून चालत आले होते, टोपी काढून गुडघ्यावर ठेवून बसले. वस्तादांनी गुळपाणी पुढे केलं. मी वही घेऊन कट्ट्यावर होतो. सिद्राम हौद्यात उभा होता.

"वस्ताद, आनि किती?" वडिलांनी विचारलं.

"अजून दोन सालं."

"गेल्या खेपंलाबी दोनच म्हनलासा."

वस्तादांनी गुळपाण्याचा तांब्या बाजूला सरकवला. "तवा दूध हुतं," ते म्हणाले.

वडील भांडखोर नव्हते. त्यांनी सावकाश सांगितलं, की थोरला मुलगा वेगळा निघाला आहे, दुकानात माणूस नाही, सहा वर्षं झाली. पोरगं खरंच वर चढत असेल तर ते अजून दोन वर्षं पोटाला चिमटा घेतील. नुसतं थांबलेलं असेल तर नाही. मग ते माझ्याकडे वळले.

"सायेब, तुमी लिवतासा न्हवं? तुमी सांगा. पोरगं वाढतंय का?"

इथं मी म्हणू शकलो असतो की वस्तादांना विचारा. हे मला तेव्हाही माहीत होतं. पण माझा स्वभाव असा की कुणी वही मागितली की मी ती उघडतो. मी रकाना काढला आणि वाचला. बैठका अकराशे, चौदा महिन्यांपासून तेवढ्याच. जोर सहाशे होते, ते साडेपाचशेवर आले आहेत. वजन दोन मण सात शेर होतं, आता दोन मण तीन शेर.

"म्हंजे चार शेर उतरलं," वडील म्हणाले. दुकानदार माणूस, वजाबाकी मला करावी लागली नाही.

वस्ताद माझ्याकडे बघत नव्हते. ते सिद्रामच्या पायांकडे बघत होते. दर सोमवारी ते अंगठ्यानं बघायचे आणि "कच्चं हाय" म्हणायचे. पोटरी भरत नव्हती, उतरत होती, हे अंगठ्याला कळलं नसेल असं मला वाटत नाही. पण धीर म्हणजे काय हे त्यांना इतकं पक्कं माहीत होतं की अंग उपाशी पडून उतरत होतं, तेही त्यांनी तयार होण्यातच धरलं. ती चूक तालमीतलाच माणूस करू जाणे. आणि ती त्यांना वाचून दाखवणारा मी.

त्याच दुपारच्या गडहिंग्लजच्या गाडीनं सिद्राम वडिलांबरोबर गेला. निघताना तो पाया पडला. वस्तादांचा हात सवयीनं त्याच्या पोटरीकडे गेला, तिथं पोचायच्या आधी थांबला आणि मग त्यांनी तो त्याच्या डोक्यावर ठेवला. 

त्या हिवाळ्यात गडहिंग्लजकडच्या जत्रांतून बातम्या येऊ लागल्या. सिद्राम मैदानात उतरला होता. पहिली कुस्ती मारली. दुसरी मारली. दोन महिन्यांत चार. बातमी आणणाऱ्याला वस्ताद एवढंच विचारायचे, "कंबरंनं मारली का खांद्यानं?" कंबरेनं, म्हणजे नुसत्या रगेनं नव्हे, असं कळलं की मान डोलवायचे. त्या दोन महिन्यांत मी त्यांना पहिल्यांदा गोंधळलेलं पाहिलं. पोरगा जिंकत होता याचा आनंद चेहऱ्यावर यायचा आणि मध्येच अडायचा. चोवीसची वाट बघायची गरजच नव्हती की काय, हा प्रश्न त्यांनी बोलून दाखवला नाही. 

पाचव्या कुस्तीत त्याचा गुडघा गेला. उजवाच. एका दिवसात दोन कुस्त्या लावल्या होत्या, पहिली तासभर चालली होती. आता तो गडहिंग्लजच्या बाजारात मिरचीच्या वखारीवर तोलारी आहे. काटा धरतो, पोतं उचलायला दुसरा माणूस लागतो.

मी या सगळ्याचा हिशोब अनेकदा मांडला आहे. चार जिंकल्या, म्हणजे तो तयार होता. पाचवीत मोडला, म्हणजे तो तयार नव्हता. आणखी दोन वर्षं थांबला असता तर हाड भरलं असतं, पण दुधाशिवाय कसं भरणार. त्या दिवशी मी गप्प बसलो असतो तर तो तालमीतच झिजला असता, कदाचित गुडघा शाबूत ठेवून. कुठूनही बेरीज केली तरी उत्तर कुणाच्या बाजूनं येत नाही.

गुडघ्याची बातमी आली त्यानंतर पंधरा दिवसांनी मी वस्तादांना म्हणालो, "मी त्या दिवशी वही उघडायला नको होती."

"आकडा खरा हुता का न्हाय?"

"खरा होता."

"मग झालं की." पुढं ते म्हणाले, "दोन सालं म्हनत हुतो ते मला खरंच वाटत हुतं, कारकून. दर साली खरंच वाटायचं."

पुढच्या महिन्याच्या एक तारखेला मी नेहमीप्रमाणे विचारलं, "या महिन्याला पाच वाढवू?"

"कशाला?" ते म्हणाले.

हा शब्द मी त्यांच्या तोंडून पाच वर्षांत ऐकला नव्हता. ते टोचून बोलत नव्हते. खरंच विचारत होते, आणि उत्तर माझ्याकडे असेल तर ऐकून घ्यायची त्यांची तयारी होती.  मी तीनशे पाच बैठका मारून घरी गेलो, आणि आजही तेवढ्याच मारतो.

त्यानंतर तालमीत आम्ही दोघेच. ते पहाटे येऊन एकटे माती उकरायचे. हौदा चौदा फूट लांब, चौदा फूट रुंद, दीड फूट खोल. त्या मातीत कधी काळी ताक, तेल, हळद, लिंबू पडायचं. आता वस्ताद पदरचं पावशेर तेल घालायचे आणि खोऱ्यानं खालची माती वर करायचे. लढायला कुणी नव्हतं. मी म्हटलं, आता पुरे. ते म्हणाले, "माती बसली तर दगड हुती." मग एका सकाळी ते निम्मा हौदा उकरून खाली बसले आणि त्यांना उठता येईना. मी हात दिला. त्या हाताचं वजन मला अजून आठवतं, फारच कमी होतं.

त्यांची बहीण पेठ वडगावला होती, तिनं त्यांना नेलं. मी एका रविवारी भेटायला गेलो. घोंगडीवर बसले होते, मांड्या वाळून गेलेल्या. मला म्हणाले, "उबं ऱ्हावा." मी उभा राहिलो. त्यांनी अंगठा माझ्या पोटरीत रोवला, पण अंगठ्यात जोर नव्हता. बराच वेळ तसाच ठेवून म्हणाले, "पिकलं."

त्याचा आनंद व्हावा असं त्यात काही नव्हतं. चाळीस वर्षांच्या त्या धीराचं टिकलेलं फळ म्हणजे जकात नाक्यावरच्या एका कारकुनाच्या पोटऱ्या. त्रेचाळिसाव्या वर्षी माझे गुडघे शाबूत आहेत आणि त्यांचा मला उपयोग नाक्यावर सही करायला स्टुलावरून उठण्यापुरता.

दीड महिन्यात ते गेले. मला पत्र उशिरा पोचलं.

तालमीची जागा मालकानं गुळाच्या गोदामासाठी दिली. नव्या भाडेकरूनं सांगितलं, माती न्यायची तर तुम्ही न्या, नाहीतर आम्ही गटारात ढकलू. मी शेजारच्या पेठेतल्या तालमीत विचारलं. तिथला वस्ताद म्हणाला, "आमचाच हौदा अर्धा मोकळा पडलाय, पावणं." मग मी एक बैलगाडी ठरवली. नगरपालिकेचा रस्त्याचा खड्डा कुठं भरायचा आहे ते, नाका नगरपालिकेचाच असल्यामुळे, मला माहीत होतं.

पहिल्या खेपेला गाडीवाल्यानं मूठभर माती चोळून वास घेतला. "तेलकट लागतीया. रानात टाकली तर काय येईल का?"

"नाही," मी म्हणालो.

तीन दिवस, सोळा खेपा, खेपेला बारा आणे. बारा रुपये. गाडीवाल्यानं शेवटची खेप खड्ड्यात रिकामी केली, फळी झटकली आणि मी पैसे त्याच्या हातात मोजून दिले.